लॅपटॉपची अक्षरं उशिरा उमटतात? दुकानात जाण्याआधी हे करून बघा

मागच्या पावसाळ्यात मामीचा फोन आला. "अरे, लॅपटॉपवर अक्षरच उमटत नाही. दुकानदार म्हणाला कीबोर्ड गेलाय, बदलावा लागेल." सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त तिला दोन दिवसांत द्यायचं होतं. संध्याकाळी मी गेलो आणि म्हटलं, काहीतरी टाइप करून दाखव. तिनं 'क'चं बटण नेहमीसारखं टिचकी मारल्यागत दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. मग वैतागून बोट दाबूनच धरलं, नख पांढरं होईपर्यंत, आणि साधारण सेकंदभराने पडद्यावर 'क' आला. दुसरं बटण, तिसरं बटण, सगळ्यांचं तेच.

बिघडलेला कीबोर्ड असा वागत नाही. खरंच बिघडला तर दोन-चार बटणं जातात, किंवा एखादा गटच्या गट जातो. सगळी बटणं एकसारखा, मोजून मापून उशीर करत असतील तर तो उशीर बहुतेक वेळा संगणकाने ठरवलेला असतो. मामीच्या विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' ही सोय चालू झाली होती. ती बंद केली आणि पाच मिनिटांत काम संपलं.

बोट आणि पडद्यावरचं अक्षर यांच्यामध्ये चार ठिकाणं आहेत: बटण, लॅपटॉपच्या आतली कीबोर्ड सांभाळणारी चिप, विंडोज आणि तुम्ही ज्यात टाइप करताय ते सॉफ्टवेअर. अक्षर यांतल्या कोणत्या ठिकाणी अडकतंय हे कळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका आणि पैसेही काढू नका.

आधी अडचण नीट बघा

नोटपॅड उघडा आणि दोन ओळी टाइप करा. नोटपॅडमध्ये अक्षरं झरझर येतात आणि वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्येच अडखळतात, असं असेल तर कीबोर्ड आणि विंडोज दोन्ही निर्दोष आहेत. वर्ड एकदा कंट्रोल बटण दाबून धरून उघडा. ते सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, हो म्हणा. त्यात वेग आला तर एखादं ॲड-इन, म्हणजे वर्डला जोडलेलं छोटं जादा सॉफ्टवेअर, त्रास देतंय. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं तसंच छोटं सॉफ्टवेअर) किती ताकद खातंय ते तिथे दिसतं. प्रत्येक अक्षरागणिक शुद्धलेखन तपासणारी एक्स्टेन्शनं जुन्या लॅपटॉपला फार दमवतात, ती आधी बंद करून बघा.

नोटपॅडमध्येही तीच रड असेल तर कॅप्स लॉक दाबा आणि त्याच्या दिव्याकडे बघा. दिवा लगेच लागतोय-विझतोय पण अक्षरं मागाहून येतात, म्हणजे बटणाचा निरोप विंडोजपर्यंत पोचतोय. दिवा अजिबात हलत नसेल तर एकतर संपूर्ण संगणक गोठलाय, किंवा कीबोर्डचा संपर्कच तुटलाय. माउसचा बाण हलतोय का, यावरून या दोन्हींतला फरक कळतो.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. घरातला किंवा शेजारचा कोणताही यूएसबी कीबोर्ड जोडा. त्यावरही उशीर होत असेल तर लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून काडीचाही फायदा होणार नाही. बाहेरचा नीट चालतो आणि आतलाच हट्ट करतो, असं असेल तरच संशय आतल्या कीबोर्डवर घ्यायचा.

फिल्टर कीज: न मागता चालू होणारी सोय

हात थरथरणाऱ्या माणसाकडून चुकून लागलेली बटणं गाळली जावीत, म्हणून विंडोजमध्ये ही सोय आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती खरोखर चांगली आहे. पण उजवीकडचं शिफ्ट बटण ८ सेकंद दाबून धरलं की ती चालू करण्याची खिडकी समोर येते, आणि घाईत त्यावर 'येस' दाबलं जातं. त्यानंतर टिचकी मारलेली बटणं विंडोज मोजतच नाही. ठराविक वेळ, बहुधा एक सेकंद, दाबून धरलेलं बटणच खरं मानतं.

इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डच्या मांडणीने, मराठी टाइप करणाऱ्यांनी इथे जास्त जपायला हवं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे असतात. अ, आ, इ, उ हे सुटे स्वर शिफ्टसह येतात, आणि बटण डावीकडचं असल्यामुळे शिफ्ट दाबायची ती उजव्या करंगळीने. मामी आयुष्यभर कार्यालयात अशीच टाइप करत आली. 'अ' लिहायचा म्हणून शिफ्ट दाबलं, तेवढ्यात वहीतलं नाव वाचण्यात गुंतली, करंगळी तिथेच राहिली. ८ सेकंद म्हणजे फार नव्हेत.

बंद करायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'ॲक्सेसिबिलिटी' आणि मग 'कीबोर्ड' उघडा. विंडोज १० मध्ये त्याच पानाचं नाव 'ईज ऑफ ॲक्सेस' आहे. तिथे फिल्टर कीज बंद करा. नुसतं तेवढ्यावर थांबू नका. शिफ्ट दाबून धरल्यावर ती चालू होण्याचा जो शॉर्टकट आहे, तोही बंद करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच पानावर 'स्टिकी कीज' दिसेल. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबलं की ती चालू होऊ शकते, आणि मग शिफ्ट, कंट्रोल ही बटणं सोडल्यावरही दाबलेलीच राहतात. गरज नसेल तर तीही बंद.

पासवर्डच टाकता येत नाही अशी वेळ आली तर घाबरू नका. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली माणसाच्या आकृतीचं किंवा तसंच छोटं चिन्ह असतं. त्यात फिल्टर कीज बंद करता येते आणि पडद्यावरचा कीबोर्डही उघडता येतो. माउसने एकेक अक्षर टिपून पासवर्ड भरा. मॅकबुक वापरणाऱ्यांनी ॲक्सेसिबिलिटीमधल्या कीबोर्डच्या भागात 'स्लो कीज' बघावी, तिचं काम असंच आहे.

अक्षरं नीट येतात, पण बॅकस्पेस दाबून धरल्यावर हळूहळू पुसलं जातं, अशीही एक तक्रार असते. त्याला कंट्रोल पॅनलमधल्या कीबोर्डच्या खिडकीत 'रिपीट डिले' कमी आणि 'रिपीट रेट' जास्त करा. काम झालं.

संगणकच दमलेला असेल तर

टाइप करताना आधी काहीच येत नाही आणि मग अख्खं वाक्य एकदम धावत येतं, हे लक्षण वेगळं आहे. बटणांचे निरोप रांगेत उभे आहेत आणि संगणकाला सवड नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या रकान्यांत कोणता आकडा ९० च्या वर चिकटून बसलाय ते बघा. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा अपडेट आणि व्हायरसची तपासणी एकाच वेळी चालू असली की डिस्क १०० टक्क्यांवर जाते. अशा वेळी अर्धा तास त्याला त्याचं काम करू द्या. रोजच असं होत असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवणं हा खर्च सार्थकी लागतो, कीबोर्ड बदलण्याचा नाही.

आणि एक, 'शट डाउन' केलं म्हणजे संगणक पूर्ण बंद झाला असं समजू नका. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो, कालच्या अडचणीसकट. म्हणून 'रीस्टार्ट' करा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या आहेत.

ड्रायव्हर आणि आतली चिप

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, त्यात 'कीबोर्ड्स' फोडा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिथे 'स्टँडर्ड पीएस/२ कीबोर्ड' असं नाव दिसेल. पीएस/२ ही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या संगणकांची जोडणी. आजही अनेक लॅपटॉपची आतली चिप विंडोजशी त्याच जुन्या रीतीने बोलते. या नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि माउसने रीस्टार्ट करा. ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्डशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर, विंडोज आपणहून पुन्हा बसवतं. मधल्या काळात कीबोर्ड चालणार नाही, तेव्हा माउस किंवा टचपॅड चालतोय याची आधी खात्री करून घ्या.

तरीही फरक नाही? मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, यूएसबीला जोडलेलं सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. आता चालू करायचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप नव्याने सुरू होते. झोपेतून उठवल्यावर कीबोर्ड मुका होणाऱ्या लॅपटॉपवर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

यानंतरची पायरी निकालाची. संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा: डेल, एसर, असूसमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोव्होमध्ये एफ१ किंवा एफ२. तिथे विंडोज नसतं, त्याचे ड्रायव्हर नसतात, फिल्टर कीज नसते. बाण, टॅब, एंटर दाबून बघा. काही बदलू नका, न साठवता बाहेर या. तिथे बटणं चटकन चालली तर दोष विंडोजमधला. तिथेही अडखळली, किंवा वारंवार दाबूनही आत शिरताच आलं नाही आणि बाहेरच्या यूएसबी कीबोर्डने मात्र शिरता आलं, तर दोष कीबोर्डचा किंवा त्याला आत जोडणाऱ्या पातळ पट्टीचा.

मोजकीच बटणं मेली असतील तर

लॅपटॉपच्या कीबोर्डखाली प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवर आडव्या-उभ्या वाहक रेघांचं जाळं असतं. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, आणि ती शेजारी-शेजारी असतीलच असं नाही. म्हणून चार लांबलांबची बटणं एकाच दिवशी बंद पडली तर धूळ झटकून उपयोग नाही. इनस्क्रिप्टवाल्यांना हे पटकन कळतं: डीच्या जागी हलन्त असतो, ते एक बटण गेलं की सगळी जोडाक्षरं सुटतात आणि 'रस्ता'चा 'रसता' होतो.

एकच बटण जड किंवा चिकट झालं असेल तर मात्र घरी करण्यासारखं आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून तिरका धरा आणि मऊ ब्रशने दोन बटणांमधली फट झाडा. ॲपलने स्वतःच्या लॅपटॉपसाठी ७५ अंशांत तिरका धरून दाबाच्या हवेने डावीकडून उजवीकडे फवारायला सांगितलंय. हीच रीत इतरांनाही चालते. चिकटपणा असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फक्त ओलावा लावून कडा पुसा. बटणाची टोपी चिमट्याने उपटू नका. खाली कात्रीसारखी नाजूक दुहेरी पट्टी असते, तिचा एक दात मोडला की ते बटण कायमचं डुगडुगतं.

चहा सांडला असेल तर क्षणाचाही विचार न करता चालू-बंदचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, चार्जर ओढा आणि लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा घाला. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, केस वाळवायचं यंत्रही नको. दुसऱ्या दिवशी "चालतोय की" म्हणून सोडूनही देऊ नका. साखरेचा थर आतच असतो आणि ओलाव्याने तांब्याच्या रेघा कुरतडत राहतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत तर फारच. उघडून स्वच्छ करून घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कीबोर्डचा मधला भाग किंवा टचपॅड वर फुगलेला दिसला, झाकण नीट मिटत नसेल, तर ती फुगलेली बॅटरी असू शकते. दाबून सपाट करू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. लॅपटॉप तिथेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

कीबोर्ड बदलायचंच ठरलं तर दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: कीबोर्ड सुटा निघतो की हाताखालची अख्खी चौकट बदलावी लागेल? जुन्या लॅपटॉपमध्ये तो स्क्रू आणि खाचांवर असतो. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये अनेकदा चौकटीला रिव्हेटने ठोकलेला असतो, आणि खर्चातला मोठा फरक तिथूनच येतो. पाठीमागच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक फोटो काढून सोबत न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात, पण क्रमांक जुळला नाही तर पट्टीची जोडणी बसत नाही. आणि नवा कीबोर्ड येईपर्यंत तो यूएसबीवाला परत करू नका, मामीने तर लॅपटॉप नीट झाल्यावरही इतिवृत्ताची शेवटची दोन पानं सवयीने त्यावरच पूर्ण केली.