प्रियांकाचा दही-अंड्याचा लेप लावताय? आधी या चुका टाळा

प्रियांका चोप्राने एका व्हिडिओत सांगितलेला केसांचा लेप आता घराघरांत पोचलाय. सायीचं घट्ट दही, एक चमचा मध आणि एक अंडं. टाळूला लावायचं, अर्धा तास ठेवायचं, कोमट पाण्याने धुवायचं आणि मग शाम्पू करायचा. आईकडून आणि आईच्या आईकडून आलेला उपाय, असं ती सांगते. यात न समजण्यासारखं काही नाही. तरीसुद्धा हाच लेप लावून केसांची वाट लावलेल्या मुली माझ्या पार्लरमध्ये येत राहतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गरम पाणी आणि वाळलेलं अंडं

गेल्या लग्नसराईत दुकान बंद करायच्या वेळेला एका नवरीच्या मावशीचा फोन आला. "ताई, कुलूप लावू नका, आम्ही रिक्षात बसलोय." दुसऱ्या दिवशी हळद होती. मुलीचे केस कमरेपर्यंत, दाट, सुंदर. केस लांब आहेत म्हणून तिने एकाऐवजी तीन अंडी घेतली, दुपारी लेप लावला आणि पंख्याखाली झोपून गेली. उठली तेव्हा सगळं कडकडीत वाळलं होतं. ते लवकर निघावं म्हणून तिने गीझरचं कढत पाणी सोडलं. केसभर पांढरे तंतू आणि कण चिकटले. ते काढायला बारीक दातांचा कंगवा घातला आणि मानेमागे एक घट्ट जट झाली.

अंड्याचा पांढरा भाग साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट व्हायला लागतो आणि गीझरच्या टाकीतलं पाणी सहज तेवढं तापतं. त्यात अंडं आधीच वाळलेलं असेल तर ते केसाला डिंकासारखं धरून बसतं. आम्ही दोघींनी मिळून गार पाणी, भरपूर कंडिशनर आणि नुसती बोटं वापरून एकेक बट सोडवली. कंगवा अगदी शेवटी घेतला, तोही मोठ्या दातांचा आणि टोकांकडून वर. तरीही वीतभर केस कापावे लागले. ती पोर आरशाकडे बघायला तयार नव्हती.

"व्हिडिओत असंच होतं," असं तिची आई म्हणत होती. मी मोबाईल मागितला. तो मूळ व्हिडिओ नव्हताच. कुणीतरी त्यातला वाटीत कालवण्याचा आणि केसांना लावण्याचा भाग तेवढा कापून, गाणं घालून टाकला होता. अर्धा तास, कोमट पाणी, नंतरचा शाम्पू, सगळं गायब. माझा राग आहे तो या कापाकापीवर. उपाय सांगायचा तर पूर्ण सांगा. आणि बघणारीनेही करण्याआधी मूळ व्हिडिओ शोधून शेवटपर्यंत बघावा. तेवढा धीर नसेल तर अंडं फोडूच नये.

माझी पद्धत अशी. अंडं फेटून गाळणीतून गाळून घेते, म्हणजे आतले पांढरे धागे केसात अडकत नाहीत. केस कोरडे असतील तर नुसता बलक घेते. लेप लावला की शॉवर कॅप घालते, वाळू देत नाही. अर्ध्या तासाने आधी नळाचं साधं पाणी, ते स्वच्छ निघेपर्यंत. मग शाम्पू, वास राहिला तर पुन्हा एकदा. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा टाळूवर जखम असेल तर हा लेप नकोच.

आणि हे आठवड्यातून तीनदा करून काही साधत नाही. अंड्यातल्या प्रथिनांचे रेणू मोठे असतात, ते अख्खेच्या अख्खे केसाच्या आत शिरत नाहीत. हाताला जो मऊपणा लागतो तो वरच्या थराचा आणि बलकातल्या स्निग्धतेचा. महिन्यातून एकदा पुरे, असं मी माझ्या बायकांना सांगते.

कोंड्यावर तेल

चंपीचं कौतुक प्रियांकापासून आपल्या आजीपर्यंत सगळ्याच करतात, आणि खोबरेल तेल खरंच चांगलं आहे. 2003 साली आपल्याकडच्याच संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना करून दाखवली होती. केस धुताना त्यातली प्रथिनं निघून जातात, ती गळती खोबरेल तेलाने कमी होते, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. बाकीच्या दोन तेलांना ते जमलं नाही.

पण हे सगळं केसांच्या लांबीबद्दल आहे. टाळूवर कोंडा असेल तर तेल थापू नका. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. रात्रभर तेल, वर घट्ट वेणी, त्यात मुंबईचा घाम, सकाळी खाज वाढलेली असते आणि आई म्हणते, "तेल कमी पडलं." काकू-मावश्यांशी या मुद्द्यावर मी दर आठवड्याला वाद घालते आणि घालत राहीन. कोंडा असताना कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू घ्या आणि फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्या. लावला की लगेच धुतला, तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. तेल हवंच असेल तर न्हाण्याआधी तासभर, कानाच्या खाली, टोकांपर्यंत.

ब्रँडची सगळी उत्पादनं विकत घेणं

प्रियांकाने अ‍ॅनोमली हा केसांच्या उत्पादनांचा ब्रँड 2021 मध्ये अमेरिकेत आणला, पुढच्या वर्षी तो भारतात आला. अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनचा लोलावी आहे, गायिका बियॉन्सेचा सेक्रेड आहे. घ्यायला हरकत नाही, पण बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. क्लॅरिफाइंग शाम्पू म्हणजे साचलेलं तेल आणि जेल खरवडून काढणारा. तो रोज वापरून केस झाडूसारखे झाले की मुली ब्रँडला नावं ठेवतात.

शिवाय तुमच्या बादलीत कोणतं पाणी आहे ते बघा. नव्या वस्त्यांमध्ये बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. त्यातले क्षार केसांवर बसतात आणि कितीही महाग कंडिशनर लावला तरी केस राठच लागतात. माझ्याकडे येणारीला मी आधी पाणी विचारते, मग शाम्पू. शेवटचे दोन तांबे गाळलेल्या पाण्याचे घेतले तरी फरक जाणवतो.

जेनिफर अ‍ॅनिस्टनचंच उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात 'फ्रेंड्स' मालिकेतला तिचा 'रेचल' कट जगभर गाजला. तो कापला होता तिचा केशरचनाकार क्रिस मॅकमिलनने, आणि त्याच्याशिवाय तो सांभाळणं आपल्याला अवघड जायचं, असं तिनेच नंतर सांगितलं. फोटो दाखवून "असंच करा" म्हणणाऱ्या मुलीला मी विचारते की रोज सकाळी ड्रायर आणि गोल ब्रश घेऊन बसायला वेळ आहे का. नसेल तर आपण दुसरा कट बघू.

आणखी काही, थोडक्यात

लिंबाचा रस थेट टाळूवर चोळू नका. खायच्या सोड्याने केस धुऊ नका. टाळू किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अगदी उलट. पंचाने केस झटकू नका, दाबून टिपा. रोज एकाच जागी करकचून पोनीटेल बांधली तर कपाळाकडचे केस विरळ होतात.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीही नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. चर्र आवाज आला की मशीन खाली ठेवा.

"दोन आठवडे केलं, काही फरक नाही," ही तक्रारही बंद करा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. खांद्याखाली गेलेल्या केसांची टोकं दोन-तीन वर्षं जुनी असतात. आजची काळजी दिसायला सहा महिने तरी द्या.

ज्यांना एवढं थांबायचं नसतं त्या केरॅटिन, म्हणजे रसायन लावून केस सरळ आणि मऊ करून घ्यायला येतात. काही केरॅटिनमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. त्यामुळे पार्लर कितीही चकाचक असो, आधी डबा हातात घ्या, मागचं लेबल वाचा, ही दोन नावं शोधा. डबा दाखवायला नकार दिला तर खुर्चीवरून उठा.