हुकलेल्या गाडीची कविता

हुकलेल्या संधीवर कविता लिहायची तर ‘संधी’, ‘नियती’, ‘वळण’ हे शब्द आधी खोडा. तिथं वस्तू ठेवा. माझी पुण्याची नोकरी हुकली ती सोलापूर स्टेशनावर. हुतात्मा एक्सप्रेस डोळ्यांदेखत सुटली, पिशवीत आईनं बांधलेली कडक भाकरी आन् शेंगाचटणी. कवितेत फक्त भाकरी ठेवली, ती मोडल्याचा आवाज लिहिला. रडारड नाही.

प्रतिमा एकच घ्या. वडील मागावर चादरी विणायचे, म्हणून मला आडवं सूत नेणारा धोटा सुचतो: इकडून तिकडं, पुन्हा इकडं, मागाबाहेर कधीच नाही. (यमकाच्या नादी लागू नका. माझ्या तीन कविता त्यातच मेल्या.)

जे घडलंच नाही ते वर्तमानकाळात लिहा: ‘मी खिडकीशी बसतो, कुर्डुवाडी येते.’ मग एकाच ओळीत भूतकाळात उतरा: ‘फलाट धुऊन झाला होता.’