फवारणीचा ड्रोन उडाल्या उडाल्या पडू नये म्हणून काय बघायचं, आणि पडलाच तर काय करायचं

आपल्याकडं वाळवा, पलूस, कराड भागात ड्रोन आला की आता पोरंसोरं पण मागं पळत नाहीत, इतकं ते रोजचं झालंय. पण एक सांगतो, ड्रोन पडायची भीती लोकांना वाटते ती रानाच्या मध्यावर, आणि माझा पडला तो बांधावरच, उचलून दहा सेकंद पण झाले नव्हते. टाकी भरलेली, वजन सगळ्यात जास्त, आणि माणसं सगळ्यात जवळ, ती हीच वेळ.

फवारणीच्या विमानांचं पण तसंच असतंय. अमेरिकेत ओहायोमध्ये 1921 साली पहिल्यांदा विमानातून झाडांवर पावडर टाकली, तेव्हापासून त्यांचं दुखणं तेच, हौद तुडुंब, हवा गरम, समोर विजेच्या तारा. फरक एवढाच की त्या विमानात पायलटच्या हाताशी एक दांडा असतो, अडचण आली की ओढायचा, हौदाचं दार उघडून काही सेकंदात सगळं औषध खाली आणि विमान हलकं. आपल्या दहा लिटरवाल्याला तसलं काही नाही, दहा लिटर म्हणजे दहा किलो, ते घेऊनच पडायचं. म्हणून जे काय बघायचं ते उडवायच्या आधी.

जागा आधी. चाकोरीतला फुफाटा नको, पाचट पसरलेलं नको. आणि ताडपत्री अंथरायची चूक तर करूच नका, कोपऱ्यावर दगड ठेवले तरी खालून वारा शिरतो आणि ताडपत्री सरळ पंख्यात जाते, त्यापेक्षा जागेवर दोन घागरी पाणी मारा, धूळ बसते. वर मान करून तारा बघा, मोटारीच्या खांबावरून गेलेली सर्व्हिस वायर तर उसाच्या हिरव्यात दिसतच नाही, म्हणून उडवायच्या आधी बांधानं एक चक्कर चालत मारायची. तासगावकडं द्राक्षाच्या बागेत अँगल आणि तारांचं जाळंच असतं, तिथं आणि ट्रॉलीजवळ, बोअरच्या केसिंगजवळ कंपास येडा होतो. लोखंडापासून लांब जाऊनच कॅलिब्रेशन, म्हणजे कंपास जुळवून घ्यायचं काम, करा. ड्रोन आपोआप माघारी येतो ती उंची तारांच्या आणि नारळाच्या वर सेट आहे का तेही तेव्हाच बघा.

आता मशीन. माझा का पडला ते सांगतो. पंखे बसवलेले ड्रोनचे सहा हात उलगडायचे आणि प्रत्येकाची कॉलर, म्हणजे सांध्यावरचं कडं, फिरवून आवळायची, एवढं साधं काम. पाच आवळल्या आणि सहावीला फोन वाजला, पुढच्या गिऱ्हाईकाचा, किती वाजता येताय म्हणून. बोलत बोलत मी टाकी भरायला गेलो. ड्रोन छातीएवढा वर गेला, तो हात हळूच खाली मुडपला, मशीन डावीकडं कललं आणि उसाच्या पहिल्या सरीत जाऊन आडवं झालं. तेव्हापासून नियम केलाय, आवळणं सुरू असताना फोन गाडीत, आणि शेवटी प्रत्येक हात धरून हलवून बघायचा, कॉलर नुसती बघून कळत नाही.

पाती बदलली असतील तर दिशा दोनदा तपासा, उलट्या बाजूचं पातं बसलं की मशीन उठतानाच कोलांटी मारतं. पात्याला नखाएवढी चीर असली तरी फेकून द्या, चिकटवून वापरू नका. बॅटरी सहा सेलची असेल तर फुल झाल्यावर 25.2 व्होल्ट दाखवते, सेलमागं 4.2. एखाद्या सेलचे व्होल्ट बाकीच्यांपेक्षा कमी असतील किंवा बॅटरी फुगलेली असेल तर ती त्या दिवशी नाहीच. एप्रिल-मेच्या दुपारी हवा पातळ असते, उचलायला जोर लागतो, तेव्हा टाकी सात-आठ लिटरच भरा. खरं तर दुपारी मारूच नये, औषध पण उडून शेजाऱ्याच्या भाजीत जातं आणि मग भांडण वेगळंच.

उडवताना सगळ्यांना दहा-पंधरा पावलं मागं घ्या, व्हिडिओ काढणाऱ्याला पण. माणसाएवढ्या उंचीवर न्या आणि दहापर्यंत मोजा. आवाज बदलला, थरथरलं, आपोआप सरकायला लागलं तर सरळ खाली, उगं एक फेरी मारून बघू हा विचार नको.

तरी पडलाच तर पहिलं काम मोटारी बंद. आमचे आबा, म्हणजे रानाचे मालक, "आरं मशीन जळंल की!" म्हणत पळत निघाले होते, मी ओरडलो, "आबा थांबा, पाती फिरत्यात अजून!" दोन पंखे खरंच उसाचा पाला कापत होते. मोटारी थांबल्या की वाऱ्याच्या वरच्या बाजूनं जा, हातमोजे घालून. बॅटरीतून धूर येत असेल तर हात लावू नका, लांब व्हा. धूर नसेल तर काढून उघड्या रानात एकटी ठेवा, गाडीत नाही, घरात तर नाहीच, मार लागलेली बॅटरी तासा-दोन तासांनी पण पेट घेते.

टाकी फुटून औषध सांडलं तर पाटाकडं किंवा विहिरीकडं जाऊ नये म्हणून मातीचा आडवा बांध घाला. अंगावर उडालं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा. कुणाला घाम सुटला, लाळ गळायला लागली, डोळ्यापुढं अंधूक झालं तर 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलसकट डॉक्टरकडं न्या, उलटी करायला लावू नका.

मग फोटो, फ्लाइट लॉग म्हणजे मशीनमधली उड्डाणाची नोंद, आणि इन्शुरन्सला फोन. ड्रोन नियम 2021 प्रमाणं अपघात 48 तासांच्या आत डिजिटल स्कायवर, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटवर, कळवायचा असतो, आणि थर्ड पार्टी विमा असावाच लागतो, लायसन्सवाल्यानं उडवलेला असावा हे तर सांगायलाच नको.

दुरुस्तीनंतर लगेच औषध भरू नका. आधी रिकामा, मग दोन लिटर साधं पाणी, मग भरलेला असा उडवून बघा. आबांचं राहिलेलं रान मी आठ दिवसांनी मारून दिलं, सांडलेल्या औषधाचे पैसे माझ्याकडून गेले, आणि आबा तेव्हा स्वतःच एकेक हात धरून हलवून बघत होते.