मुलांच्या बेसबॉलचे फोटो : टोपीखाली चेहरा काळा येत असेल तर या चुका टाळा

नाशिकमध्ये शाळेच्या बेसबॉल मॅचेस झाल्या की संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर धडाधड फोटो येतात आणि त्यातले बरेचसे सारखेच असतात, मैदान दिसतं, जर्सी दिसते, मागे लावलेल्या ॲक्टिव्हा दिसतात, आणि मुलाच्या तोंडाच्या जागी टोपीची काळी सावली. पोरगं कोणाचं ते जर्सीच्या नंबरवरून ओळखायचं. कॅमेरा महागातला असो नाहीतर फोन असो, कारणं तीच. माझं स्पष्ट मत आहे की मुलांच्या खेळाच्या फोटोत आधी चेहरा दिसला पाहिजे, बॉल, बॅट, धूळ सगळं त्यानंतर, आणि सेटिंग काय ठेवायचं, कुठं उभं राहायचं हे सगळं त्यावरूनच ठरवायचं.

जर्सी बघून कॅमेऱ्याला एक्सपोजर (फोटो किती उजळ येणार ते) ठरवू देणं

सगळ्यात जास्त फोटो इथं वाया जातात. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, समोर काय आहे ते कळत नाही, तो फ्रेममधलं सगळं मध्यम राखाडी, म्हणजे 18 टक्के ग्रे धरून चालतो. पांढऱ्या जर्सीतला मुलगा फ्रेमभर आला की मीटर म्हणतो लय उजेड आहे, आणि फोटो डार्क करून टाकतो, आधीच सावलीत असलेला चेहरा मग पार काळवंडतो. पुढच्याच मिनिटाला नेव्ही ब्लू जर्सीवाला आला की फोटो भसकन पांढरा. ऊन तेच, मैदान तेच, आणि एकाच इनिंगमधले फोटो एकमेकांना जुळत नाहीत.

स्वच्छ ऊन असेल तर सरळ मॅन्युअल मोडवर (सगळी सेटिंग स्वतः ठरवायची) जा, ऊन काही दर मिनिटाला बदलत नाही. जुना सनी सिक्स्टीनचा नियम अजूनही कामाचा आहे, भर उन्हात ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ 16 ला असेल तर शटर आयएसओच्या (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ 200 ला 1/200 सेकंद, तिथून ॲपर्चर एफ 5.6 पर्यंत उघडलं की शटर येतं 1/1600, आणि साध्या 55-250 किंवा 70-300 लेन्सवर हे आरामात जमतं. पण हा हिशोब उन्हातल्या वस्तूचा झाला, टोपीच्या कडेखालचा चेहरा उन्हात नसतोच, म्हणून किमान एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवायचा, शटर 1/1600 च ठेवून आयएसओ 400 करा. मॅच सुरू व्हायच्या आधी टोपी घातलेल्या एखाद्या मुलाचा फोटो काढून स्क्रीनवर चेहऱ्यापर्यंत झूम करून बघा, डोळे दिसतायत का. पांढऱ्या जर्सीचा खांदा थोडा उडाला तर उडू द्या. रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर त्यातलं थोडंफार परत आणता येतं, पण काळ्या चेहऱ्यातून डोळे ओढून काढायला गेलात की नुसते दाणे दिसतात.

पावसाळ्यातल्या मॅचेसला ढग येतात-जातात, तेव्हा शटर आणि ॲपर्चर हातात ठेवून आयएसओ ऑटोवर टाका आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) प्लस 0.7 किंवा प्लस 1 करा. अशा दिवशी पांढरं आभाळ फ्रेममध्ये जितकं कमी घ्याल तितकं बरं, कारण मीटर त्यालाही फसतो. फोनवाल्यांनी चेहऱ्यावर टॅप करून बोट दाबून धरायचं, फोकस-एक्सपोजर लॉक होतं, मग ब्राइटनेस लागेल तसा वर-खाली सरकवायचा. आणि बोटांनी ताणून झूम करू नका, त्यापेक्षा नंतर क्रॉप करा.

बारा वाजता सूर्य पाठीशी घेऊन उभं राहणं

"सूर्य फोटोग्राफरच्या पाठीमागे पाहिजे" हे आपल्याकडं सगळे सांगतात, आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळी साडेआठच्या मॅचला ते खरंही आहे, ऊन तिरपं असतं, टोपीच्या कडेखाली शिरतं, चेहरा सुंदर उजळतो. पण दहा-साडेदहानंतर ऊन वर चढलं की हा सल्ला उपयोगाचा नाही, नाक उन्हात आणि डोळे अंधारात असा फोटो येतो. तेव्हा उलटं करा, खेळाडूच्या मागच्या बाजूला सूर्य येईल असे उभे राहा, म्हणजे अख्खा चेहरा एकसारख्या सावलीत येतो, केसांना-खांद्याला उजेडाची कड मिळते, आणि मग एक-सव्वा स्टॉप वाढवलं की काम झालं. लेन्सला हुड (ऊन अडवणारी पुढची कड) लावाच. खालची कोरडी लाल माती असेल तर तिच्यावरून उजेड उडून खालून चेहऱ्यावर येतो, हे फुकटातलं रिफ्लेक्टर आहे. फक्त ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणूनचं सेटिंग) अशा मातीवर गोंधळतो, डेलाइटवर फिक्स करा.

बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) पिचरवरून (बॉल टाकणारा) सेकंड बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडं असावी असं सुचवलेलं आहे. पण आपल्याकडं क्रिकेटच्या मैदानातच जिथं जागा मिळेल तिथं फक्की मारून डायमंड (चार बेसचा चौकोन) आखतात, त्यामुळं पोचल्या पोचल्या आधी सूर्य कुठून कुठं जाणार ते बघून घ्या.

जिथं सावली तिथं खुर्ची टाकणं

होम प्लेटवरून पिचरकडं बघितलं तर फर्स्ट बेस उजवीकडं आणि थर्ड बेस डावीकडं. राइटहँडेड बॅटर होम प्लेटच्या थर्ड बेसकडच्या बाजूला उभा राहतो आणि त्याचं तोंड फर्स्ट बेसच्या बाजूला असतं. म्हणजे तुम्ही थर्ड बेसकडं बसलात तर दिवसभर पाठीच मिळणार. फर्स्ट बेसच्या बाजूला या, लेफ्टी आला की उलट. राइटहँडेड पिचर पाय उचलतो तेव्हा त्याची छाती थर्ड बेसकडं असते, म्हणून तो थर्डच्या बाजूनं छान दिसतो. दोन इनिंग इकडं, दोन तिकडं असं ठरवून फिरा.

गुडघ्यावर बसा. उभ्यानं काढलं की दहा-बारा वर्षांचं पोर अजूनच बुटकं दिसतं आणि टोपीचा वरचा भागच फोटोत येतो, खाली बसलं की कडेखालचे डोळे दिसतात आणि मागच्या गाड्या, मंडपाचे बांबू, पाण्याचे जार बऱ्यापैकी खाली जातात. पळणाऱ्या मुलाच्या पुढं मोकळी जागा ठेवा आणि पाऊल घोट्यात कापू नका.

मागे जाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, ॲपर्चर पूर्ण उघडा, झूम पूर्ण करा, आणि लेन्ससमोरच्या जाळीवर हाताची सावली पाडा, उन्हात चमकणारा धागाच फोटो धुरकट करतो. जाळी नसेल तर फाउल लाइनच्या (खेळाच्या हद्दीची रेघ) बाहेर, अंपायरला आणि कोचला विचारून उभे राहा. बॉल 142 ते 149 ग्रॅमचा असतो, आपल्या सीझन बॉलपेक्षा थोडाच हलका, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला तो दिसत नाही, त्यामुळं बॅटरच्या अगदी जवळून फोटो काढायचे तर तुमच्यासोबत कोणीतरी उभं असल्याशिवाय काढूच नका.

बर्स्ट (लागोपाठ फोटो) दाबून धरला म्हणजे बॉल-बॅट मिळेल असं समजणं

बॅट आणि बॉल एकमेकांना साधारण एक मिलिसेकंद चिकटलेले असतात. सेकंदाला 10 फ्रेम म्हणजे दोन फोटोंमध्ये 100 मिलिसेकंद. मिळाला तर नशीब. त्यापेक्षा पिचरच्या हाताकडं लक्ष ठेवा. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये पिचरचं अंतर 46 फूट असतं, ताशी 70 किलोमीटरचा बॉल तिथून यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, दहा-पंधरा बॉल नुसते बघितले की त्या पोराची लय कळते, मग बॅट पुढं यायच्या क्षणी छोटा बर्स्ट. ॲक्शनला 1/1000 च्या खाली जाऊ नका, बॅटसाठी 1/2000 बरं. मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलं असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅट वाकडी दिसते, लोक लेन्सला दोष देतात, मेकॅनिकल शटर लावलं की सरळ होते.

फोकस कंटिन्युअसवर (हलणाऱ्या मुलाबरोबर फोकस सरकत राहतो), कॅननला एआय सर्वो, निकॉन-सोनीला एएफ-सी, आणि पॉइंट एकच किंवा छोटा झोन. सगळे पॉइंट चालू ठेवलेत तर कॅमेरा बॅटरच्या मागं बसलेल्या कॅचरचं हेल्मेट नाहीतर मागची जाळी पकडतो. स्लाइडसाठी (पळणारा घसरत बेसवर येतो ते) बेसवर आधीच फोकस करून थांबा, पळणाऱ्याच्या मागं लागाल तर धुळीत हरवाल.

आणि आउट दिला की लगेच स्क्रीनवर फोटो बघायला मान खाली घालू नका. सेकंड बेसवर स्लाइड केलेलं पोर गुडघ्याची माती झटकत हेल्मेट काढतं, घामानं केस चिकटलेले, अंपायरकडं बघतं, त्या तीन-चार सेकंदांत चेहऱ्यावर टोपीची सावलीसुद्धा नसते. डगआउटमध्येही असंच, तिथं उजेड कमी असतो म्हणून शटर 1/500 पर्यंत उतरवून आयएसओ वाढवा.

ग्रुपवर टाकताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी त्यांच्या आईवडिलांना विचारा.