रिड्यूसचं उत्तर चुकतंय? या चुका टाळा

रिड्यूस म्हणजे ॲरेतले, म्हणजे यादीतले, घटक एकेक करून एका उत्तरात गोळा करणारं फंक्शन. त्याचं उत्तर चुकलं की बहुतेक जण कॉलबॅकमधलं, म्हणजे दर फेरीला चालणाऱ्या आपल्या फंक्शनमधलं, गणित तपासत बसतात. गणित सहसा ठीकच असतं. घोळ असतो ॲक्युम्युलेटरचा, म्हणजे फेरीगणिक पुढे जाणाऱ्या आतापर्यंतच्या उत्तराचा: तो कशापासून सुरू झाला आणि प्रत्येक फेरीनंतर त्याचं काय झालं. उदाहरणं जावास्क्रिप्टची घेतली आहेत, कारण ही भाषा चूक पोटात घालून पुढे जाते आणि मग शोधत बसावं लागतं.

सुरुवातीचं मूल्य न देणं

नुसत्या आकड्यांची बेरीज असेल तर सुरुवातीचं मूल्य न देताही उत्तर बरोबर येतं. ॲरेतला पहिला घटकच ॲक्युम्युलेटर बनतो आणि फेऱ्या दुसऱ्या घटकापासून सुरू होतात. त्यामुळे सवय लागते.

आता आकड्यांच्या जागी ऑब्जेक्ट ठेवा. तीन ऑर्डर, त्यांचे नग २, ३ आणि ४. कॉलबॅकमध्ये 'एकूण + ऑर्डर.नग'. यायला हवेत ९. हातात पडतं '[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]३४'. पहिल्या फेरीत 'एकूण' हा आकडा नव्हताच, ती अख्खी पहिली ऑर्डर होती. तिच्यात ३ मिळवायला गेल्यावर जावास्क्रिप्टने तिची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, केली आणि तिथून पुढे बेरजेऐवजी चिकटवाचिकटव झाली. कॉलबॅकनंतर स्वल्पविराम देऊन ० लिहिला की प्रश्न मिटतो.

ॲरेत एकच ऑर्डर असेल तर कॉलबॅक एकदाही चालत नाही, ती ऑर्डरच जशीच्या तशी परत येते. ॲरे रिकामा असेल तर थेट टाइपएरर. हे बहुधा रिड्यूसच्या आधी फिल्टर (अटीत बसणारेच घटक ठेवणारं फंक्शन) लावलेला असतो तिथे घडतं: डेव्हलपरच्या मशीनवर चार नोंदी उरतात, वापरणाऱ्याकडे एकही उरत नाही.

मूल्य दिलं, पण चुकीचं दिलं, असंही होतं. गुणाकाराला ० दिला तर उत्तर कायम ०. तिथे १ हवा. सर्वांत मोठी संख्या शोधताना ० दिला आणि सगळ्या संख्या ऋण निघाल्या, तर ॲरेत नसलेला ० जिंकतो. तिथे ऋण अनंत द्या. आकडे फॉर्ममधून आले असतील तर ० देऊनही '०५७' असलं काहीतरी मिळेल, कारण ते आकडे नसतात, स्ट्रिंग असतात. आधी नंबरमध्ये बदला.

ॲक्युम्युलेटर परत न देणं

ॲरो फंक्शनला महिरपी कंस लावले आणि रिटर्न राहिला, की पुढच्या फेरीत ॲक्युम्युलेटर अनडिफाइन्ड, म्हणजे त्यात काहीच नाही. इफ लावून फक्त काही घटक मोजताना हे हमखास होतं: अट खरी असेल तेव्हा रिटर्न लिहिलेला असतो, खोटी असेल तेव्हा काहीच नाही. अट लागू नसली तरी आहे तो ॲक्युम्युलेटर परत द्यायचाच.

याचंच भावंड म्हणजे पुश, यादीच्या शेवटी घटक जोडणारं फंक्शन. 'रिटर्न यादी.पुश(घटक)' लिहिलं तर परत जाते ती यादीची नवी लांबी. दुसऱ्या फेरीत 'यादी' म्हणजे १ हा आकडा, आणि पुश हे फंक्शनच नाही म्हणून एरर. पुश एका ओळीत, रिटर्न पुढच्या ओळीत.

दर फेरीला नवी प्रत

पुशची भीती बसली की लोक स्प्रेडकडे (यादीआधी तीन टिंबं लावून ती उलगडणं) वळतात आणि दर फेरीला जुनी यादी उलगडून नवी बनवतात. उत्तर बरोबर येतं, पण १,००० घटकांना मिळून ४,९९,५०० वेळा जुने घटक कॉपी होतात. सुरुवातीची रिकामी यादी तिथल्या तिथे तयार केली असेल तर तिच्यात खुशाल पुश करा. ती बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून दोनदा वापरलीत, तर मात्र दुसऱ्या वेळी आधीचा मालही त्यात सापडेल.

शोधायचं कसं

कॉलबॅकच्या पहिल्या ओळीत ॲक्युम्युलेटर आणि त्याचा टाइप छापा. ज्या फेरीत टाइप बदललेला दिसेल, तिच्या आधीच्या फेरीत चूक आहे. फेरी पहिलीच असेल तर सुरुवातीचं मूल्य बघा.

आणि एकाच रिड्यूसमध्ये गट पाडणं, बेरीज, सरासरी असं सगळं कोंबलं असेल तर साधा फॉर लूप लिहा, त्यात काही कमीपणा नाही. पायथॉन ३ मध्ये तर रिड्यूस बिल्ट-इन फंक्शनांतून काढून फंकटूल्स मॉड्यूलमध्ये ठेवला आहे. बेरजेसाठी तिथे सम आहेच.