लहान पोरांच्या ब्रास बँडसाठी बीथोव्हन सोपा करून कसा लिहायचा

नुकतंच ट्रम्पेट-ट्रॉम्बोन शिकायला लागलेल्या पोरांना क्लासिकल वाजवायला द्यायचं असेल तर बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतली (1824) ‘ओड टू जॉय’ची धून घ्या. 16 बारची आहे (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा), म्हणजे चार-चार बारच्या चार ओळी, आणि एक नोट सोडली तर सगळी पाच नोटांत बसते.

आधी स्केल बदला. मूळ धून डी मेजरमध्ये आहे, ती तशीच ठेवली तर बी फ्लॅट ट्रम्पेटला (तो लिहिलेल्यापेक्षा एक सूर खाली वाजतो) ई मेजर येतं म्हणजे चार शार्प, अर्धा सूर चढवलेल्या नोटा, पोरगं पहिल्याच ओळीत अडकणार. धून बी फ्लॅटमध्ये आणा, मग ट्रम्पेटच्या कागदावर साधं सी मेजर, सी ते जी, बस्स. फ्रेंच हॉर्न असेल तर त्याला एफ मेजर लिहून द्यायचं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती एक खालची जी येते, नवशिक्याला ती नीट लागत नाही, तिथे सरळ वरची जी लिहा.

खरी अडचण ट्रॉम्बोनची, आणि तिकडेच बहुतेक जण बघत नाहीत. ट्रॉम्बोनला जसं वाजतं तसंच लिहितात, त्यामुळे बी फ्लॅटमधल्या या धुनेत सारखी लागणारी सी सहाव्या पोझिशनला (पोझिशन म्हणजे स्लाइडची, पुढेमागे सरकणाऱ्या नळीची, जागा; पहिली सगळ्यात जवळची) येते आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात तिथपर्यंत पोचतच नाही, मग तो अख्खा खांदा पुढे काढतो, फुंकही बिघडते. म्हणून ट्रॉम्बोनला धून देऊच नका, बेस द्या, फक्त बी फ्लॅट आणि एफ, दोन्ही पहिल्या पोझिशनला, स्लाइड हलवायचीच नाही, फरक सगळा ओठांचा. पहिला बार बी फ्लॅट, दुसरा एफ, तिसरा बी फ्लॅट, चौथा एफ. दुसरी आणि चौथी ओळ तशीच, फक्त त्यांच्या शेवटच्या बारमध्ये अर्धा एफ मग अर्धा बी फ्लॅट. तिसऱ्या ओळीत चारही बार एफच धरून ठेवायचा, आणि चौथी ओळ सुरू होताना बी फ्लॅट आला की काय मस्त वाटतं ऐकायला!

अजून एक, चौथी ओळ मुळात एक मात्रा आधीच सुरू होते, सोप्या प्रतींमधून ते बऱ्याचदा काढून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. आधी टाळ्या वाजवून म्हणायला लावा, पोरांना लगेच जमतं आणि धुनेतली खरी गंमत तिथेच आहे.

ओठ लवकर दमतात, त्यामुळे दोन ट्रम्पेट असतील तर ओळी वाटून द्या, एक वाजवेल तेव्हा दुसरा गप्प, चौथी ओळ सगळ्यांनी मिळून. श्वासाची खूण दर चार बारला पेन्सिलने करा.