नाळ सोडा, सोंड धरा: गुलमर्गच्या बर्फात उतरण्याआधी

सह्याद्रीत वाट चुकली की आपण नाळ, म्हणजे डोंगरातून खाली उतरणारी अरुंद घळ, शोधतो. नाळ कुठेतरी खाली उतरवणारच, हे अंगात मुरलेलं असतं. पुण्या-मुंबईहून स्की आणि स्नोशू घेऊन गुलमर्गला येणाऱ्या ग्रुपला मी पहिल्याच संध्याकाळी ही सवय खोलीवर ठेवायला सांगते. बर्फात नाळ ही सगळ्यात वाईट जागा. वरच्या उतारांचा बर्फ तिच्यातच येऊन साठतो, त्यामुळे छोटं हिमस्खलनसुद्धा माणसाला खोल गाडतं. चढायचं ते सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या उंचवट्यावरून. धारेवर गेलात तर कडेपासून लांब राहा, कारण वाऱ्याने बाहेर लोंबत वाढलेल्या बर्फाखाली जमीन नसते.

गुलमर्गमध्ये गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा तुम्हाला कोंगदूरी या मधल्या स्थानकाहून काही मिनिटांत अफरवाट पर्वतावर, जवळजवळ १३,००० फुटांवर नेऊन सोडतो. पायी चढताना पाहायला मिळाला असता तो बर्फ तुम्ही पाहिलेलाच नसतो. स्कीच्या हद्दीवर दोरी बांधलेली असते. दोरीच्या आतले उतार गस्ती पथक सांभाळतं, गरज पडली तर स्फोट करून बर्फ आधीच पाडतं. दोरी ओलांडली की निर्णय तुमचा. अफरवाटच्या हापतखुड भागातल्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच बाहेरच्या बर्फात हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीअरचा जीव गेला.

हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत बर्फ त्यांच्याच, नाहीतर त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटतो. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ उतार मोजण्यावर घालवते. ३० ते ४५ अंश हा धोक्याचा पट्टा, आणि स्की करायला नेमका तोच आवडतो. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून ठसा उमटवा. मग तिचं टोक ठशाच्या वरच्या टोकावर टेकवा आणि तिच्या मुठीपाशी दुसरी काठी तिच्याही मुठीला धरून सरळ खाली लोंबकळू द्या. आता पहिली काठी वर-खाली करत लोंबत्या काठीचं टोक बर्फाला टेकेल असं करा. ते ठशाच्या खालच्या टोकावर टेकलं तर उतार ३० अंशांचा. त्याच्याही खाली टेकलं तर जास्त तीव्र. आणि फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही सपाटीवर असाल, पण डोक्यावर तीव्र उतार असेल, तर खालून चालतानाही तो सुटू शकतो.

हिमवृष्टी थांबून आकाश निळं झालं की सगळ्यांना घाई होते. नेमके तेच पहिले एक-दोन दिवस थांबा. वारा असेल तर बर्फ पडत नसतानाही आडोशाच्या बाजूला थर वाढत राहतो. हंगामाच्या सुरुवातीच्या पातळ बर्फात, कडाक्याच्या थंडीत साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यांच्यावर बसलेला जाड थर आठवडे उलटले तरी घसरू शकतो. डीजीआरई, म्हणजे संरक्षण खात्याची चंडीगडची संस्था, हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज सकाळी वाचाच, पण इशारा जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या समोरच्या उतारासाठी नाही.

चालताना पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ खचला, स्कीच्या पुढे चीर धावत गेली, किंवा शेजारच्या उतारावर ताजा ढिगारा दिसला, तर चर्चा करत बसू नका. आल्या वाटेने, सौम्य उतारावरून मागे फिरा. यात कमीपणा काहीच नाही. संशय नसलेल्या दिवशीही तीव्र उतार एकेकानेच ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवंच. एका गाइडकडे आहे म्हणजे झालं, असं नाही. तोच गाडला गेला तर? निघताना प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर सुरू आहे का, ते एकमेकांचं तपासा. मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर दूर, आणि शोध सुरू झाला की ५० सेंटिमीटर. कोणी गाडलं गेलं तर आधी वर पुन्हा काही सुटणार नाही ना, ते पाहा. मग उरलेल्या सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाकायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते, त्यामुळे खालून मदत येईल म्हणून थांबायचं नाही. प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात घाला, माणूस लागला की तिथेच राहू द्या. प्रोबच्या डोक्यावरून खड्डा खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा, बर्फ मागे ढकलत राहा. सगळ्यात आधी तोंड आणि छाती मोकळी करायची, पाय नंतर.